वाचकांचे प्रश्न : रानघोडे, मोकाट गाढवे आणि गायरानाचा हिशेब

गेल्या अंकात अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरकारी कुरणांवर मोकळ्या फिरणाऱ्या घोड्या-गाढवांची माहिती देणारी एक चौकट छापली होती. ती वाचून आलेली निम्मी पत्रे अमेरिकेबद्दल आहेत आणि निम्मी थेट आपल्या शिवारातली. उत्तरे एकत्रच देतो. जनावरे मोजायच्या आधी चारा मोजावा लागतो, हे तिकडेही खरे आहे आणि शाहूवाडीतही.

तिकडे लाखो एकर जमीन मोकळी, माणसे विरळ. मग घोडे राहू देत की तसेच! सरकार हेलिकॉप्टर लावून ते पकडते कशाला?
(एक विद्यार्थी, कसबा बावडा)

जमीन अफाट आहे, गवत अफाट नाही. मोकळ्या घोड्यांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या नेवाडा राज्यात आहेत आणि तिथला वर्षाचा सरासरी पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. गगनबावड्याला जुलैत जोर धरला की एवढे पाणी दोन-तीन दिवसांत पडून जाते. त्यामुळे नुसते एकर मोजून तिकडे भागत नाही. झरा कुठे आहे, आणि तिथून चरायला जाऊन परत पाण्यावर येता येईल एवढ्या टापूत काय उगवते, यावर सगळे ठरते.

हे घोडे पाळीव घोड्यांचेच वंशज. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेले, पुढे शेतकऱ्यांचे, गुरेवाल्यांचे, घोडदळाचे सुटलेले किंवा सोडून दिलेले. गाढवे बहुतेक खाणवाल्यांची. रेल्वे आली, ओझ्याचे काम संपले, तसे त्यांना रान मोकळे करून दिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ट्रक आणि विमाने लावून घोडे पकडत आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी कापत. नेवाडातल्या व्हेल्मा जॉन्स्टन यांनी त्याविरुद्ध रान उठवले. १९५९ मध्ये मोटारी-विमानांनी पाठलाग करण्यावर बंदी आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये या घोड्या-गाढवांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. देखभाल मुख्यतः ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे, थोडे क्षेत्र वनखात्याकडे. संख्या वाढल्यावर १९७६ च्या कायद्याने हेलिकॉप्टरला पुन्हा मुभा दिली.

संरक्षण मिळाले की कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. काही डोंगरांत प्यूमा शिंगरे मारतो, पण एकूण संख्येला त्याने फरक पडत नाही. ब्यूरोने आपल्या कुरणांना पेलेल अशी संख्या ठरवली आहे २५-२६ हजार. मार्च २०२० मध्ये प्रत्यक्षात होते सुमारे ९५ हजार. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली आणि २०२४ च्या अंदाजात हा आकडा ७३ हजारांवर आला. तरीही ठरवलेल्या संख्येच्या जवळजवळ तिप्पटच.

जादा घोड्यांचा पहिला घाव झऱ्यावर बसतो. काठ तुडवला जातो, ओल मोडते, भोवतालचे बारमाही गवत मुळापर्यंत खाल्ले जाते आणि त्या जागी लवकर वाळणारे, पेट घेणारे परदेशी तण शिरते. एकदा वणवा लागला की झुडपेही जातात आणि मग ते रान दहा-दहा वर्षे सावरत नाही. घोड्यांची बाजू घेणारे म्हणतात, याच जमिनीवर परवान्याने खासगी गुरेही चरतात आणि चराईचे शुल्क २०२४ मध्ये वासरासह एका गाईला महिन्याला अवघे १.३५ डॉलर होते. हेही खरे आहे. आमच्या मते वादात एक मुद्दा दोन्हीकडचे सोयीने विसरतात: गुरे हंगाम संपला की उचलता येतात आणि कमीही करता येतात, घोडा तिथे बारा महिने असतो. वाळलेल्या गवताला विसावा मिळतो की नाही, हे त्यावर ठरते.

आता हेलिकॉप्टर. १ मार्च ते ३० जून हा शिंगरे जन्मण्याचा काळ, तेव्हा घोड्यांसाठी ते सहसा वापरत नाहीत. इतर वेळी वैमानिक कळपाच्या बऱ्याच मागे राहून त्याला फक्त दिशा देतो. सापळ्याच्या तोंडाशी लोखंडी खांबांना तागाचे कापड बांधून दोन लांब पंख केलेले असतात, नरसाळ्यासारखे. तार बांधली तर धावता घोडा ती पाहत नाही आणि छातीवर घेतो. कापड त्याला भिंतीसारखे दिसते. कळप पंखांच्या आत आला की तोंडाशी धरून ठेवलेला एक शिकवलेला घोडा सोडतात. तो ओळखीच्या वाटेने धावत कोंडाळ्यात जातो आणि कळप त्याच्यामागे. कोंडाळ्याचे कठडे घोड्यांसाठी किमान ६ फूट, गाढवांसाठी ५ फूट. खालची आडवी नळी जमिनीपासून एक फुटापेक्षा वर नको, नाहीतर शिंगराचा पाय अडकतो. जिथे पाणी एकाच ठिकाणी आहे तिथे हेलिकॉप्टर लागतच नाही. पाण्याभोवती कुंपण घालून दार उघडे ठेवतात, जनावर सवयीने आत येते. वेळ जास्त, दुखापत कमी.

पकडलेल्या घोड्याच्या मानेच्या डाव्या बाजूला द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या ठशाने खूण करतात. तिथले केस पांढरे उगवतात आणि जन्मवर्ष व नोंदणी क्रमांक आयुष्यभर वाचता येतो. मग जनावर दत्तक जाते. किमान शुल्क १२५ डॉलर, प्रत्येक जनावराला ४०० चौरस फूट वाडा, न शिकवलेल्या मोठ्या घोड्याला ६ फुटी कुंपण, काटेरी तार चालत नाही, मालकी वर्षभर नीट सांभाळल्यावर. २०१९ पासून दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देण्याची योजना होती. काही घोडे वर्ष संपताच कत्तलीच्या वाटेला लागले असा बोभाटा झाला आणि २०२५ मध्ये ती न्यायालयात टिकली नाही. दत्तक न गेलेले साठ हजारांहून अधिक घोडे-गाढवे सरकारी खर्चाने वाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत. या कार्यक्रमाचा निम्म्याहून अधिक पैसा त्यांच्या वैरणीतच जातो. रानात संख्या रोखायला पैसा उरत नाही, म्हणून पुन्हा पकडावे लागते. गाडे अडले आहे ते इथे.

गर्भधारणा रोखणारी लस बंदुकीने टोचतात असे वाचले. ती नेमकी कशी काम करते आणि आपल्याकडच्या गाढवांना उपयोगी पडेल का?
(एक पशुधन पर्यवेक्षक, राधानगरी तालुका)

जास्त वापरात आहे ती पीझेडपी. डुकराच्या बीजांडाच्या बाहेरच्या आवरणातली प्रथिने तिच्यात असतात. घोडीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडावर बसतात आणि शुक्रजंतूला चिकटायला जागा राहत नाही. माज, कळपातले वागणे चालू राहते. आधीच गाभण असलेल्या घोडीला टोचली तरी गर्भाला धोका नसतो.

व्यवहारात ती नाजूक आहे. गोठवून ठेवावी लागते आणि टोचण्याच्या थोडे आधी तेलकट सहायक द्रव्यात घोटून मिसळावी लागते. अर्धा मिली लस, अर्धा मिली सहायक, असा एक मिलीचा डार्ट, म्हणजे बंदुकीतून मारायची सुई, घोडीच्या मागच्या मांसल पुठ्ठ्यावर. अंतर चाळीस-पन्नास मीटरच्या आत हवे. पहिल्या वर्षी दोन मात्रा, मध्ये किमान दोन आठवडे, आणि दुसरी मात्रा माजाच्या हंगामाआधी. मग दर वर्षी एक. म्हणजे प्रत्येक घोडी फोटोवरून ओळखता आली पाहिजे. कोणती टोचली, कोणता डार्ट उडून पडला, सगळे वहीत. मेरीलँड राज्याच्या किनाऱ्यावरील असाटीग बेटावर १९९४ पासून हेच करून कळप आटोक्यात आणला. तिथले घोडे पर्यटकांना सरावलेले, जवळ जाऊ देतात. नेवाडातली घोडी माणूस दिसताच डोंगर ओलांडते. एकाच लशीचे निकाल दोन ठिकाणी इतके वेगळे येतात त्याचे कारण हे. असाटीगला आणखी एक गोष्ट दिसली: शिंगरू नसलेल्या घोड्या जास्त वर्षे जगतात, त्यामुळे संख्या उतरायला अपेक्षेपेक्षा वेळ लागतो. गोनाकॉन ही दुसरी लस मेंदूतून येणाऱ्या संप्रेरकाला अडवते. तिची दुसरी मात्रा दिल्यावर परिणाम काही वर्षे टिकतो, पण माजही थांबतो.

आपल्या गाढवांना मालक आहेत, हाताशी येतात. त्यांना डार्ट कशाला? नर खच्ची करणे सोपे, स्वस्त आणि कायमचे. फक्त एक ध्यानात ठेवा: अर्धे नर खच्ची करून काही साधत नाही. एक नर शिल्लक राहिला तरी तो सगळ्या माद्या गाभण करतो. वस्तीवरचे सगळे नर एकाच हंगामात घ्या. वय सहा महिने ते दीड वर्ष, महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात चिखल आणि माश्यांमुळे जखमेत अळ्या पडतात. आधी धनुर्वाताची लस. गाढवाच्या वृषणाच्या रक्तवाहिन्या घोड्यापेक्षा जाड असतात, नुसत्या चिमट्यावर भरवसा ठेवू नये, टाके घालून बांधाव्यात. दुसऱ्या दिवसापासून रोज चालवायचे, नाहीतर सूज उतरत नाही. आणि सहा आठवडे माद्यांपासून दूर, कारण नळीत राहिलेले बीज तोवर लागू शकते.

गाढव म्हणजे लहान घोडाच ना? मग औषधपाणी वेगळे का सांगतात?
(एक वाचक, इचलकरंजी)

वेगळेच सांगावे लागते. घोडा पोटशुळाने लोळतो, पाय आपटतो. गाढव त्याच दुखण्यात नुसते मान खाली घालून उभे राहते, तोंड वैरणीत घालते पण गिळत नाही. मालकाला वाटते खातेय. एक दिवस पूर्ण उपाशी राहिले तर अंगातली चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होऊ शकते आणि लठ्ठ किंवा गाभण गाढवीला हा धोका सगळ्यात जास्त. म्हणून ‘खात नाही’ ही गाढवाच्या बाबतीत तातडीची तक्रार समजा.

पाणी गाढवाला रोज १० ते २० लिटर, घोड्याला २५ ते ४०. गाढव वाळवंटातले जनावर. अंगातले पाणी बरेच घटले तरी ते तग धरते आणि मिळाले की एका बैठकीत भरून काढते. पण त्याचे केस पाऊस अडवत नाहीत. आपल्याकडच्या जुलैत आडोसा नसलेले गाढव भिजून काकडते, खूर ओल शोषून मऊ पडतात आणि आतून सडतात. चार पत्रे टाकून कोरडी जमीन द्या आणि दोन महिन्यांनी खूर तासून घ्या.

गावचे गायरान १८ हेक्टर. गावची गुरे आहेतच, शिवाय दिवाळीनंतर दोन महिने धनगरांची दोनशे मेंढरे आणि चार तट्टू उतरतात. ग्रामसभेत तट्टांवरून भांडणे होतात. गायरान किती पेलते हे काढायचे कसे?
(एक ग्रामपंचायत सदस्य, शाहूवाडी तालुका)

भांडण मिटवायचे तर ग्रामसभेत तराजू न्या. रीत अशी.

आधी १८ हेक्टरमधले चरण्यालायक किती ते काढा. कातळ, रस्ता, अतिक्रमण, घाणेरीची जाळी, सामाजिक वनीकरणाची लागवड वजा करा. समजा १३ हेक्टर उरले. ऑक्टोबरच्या शेवटी, कापणी-चराई सुरू व्हायच्या आधी, लोखंडी सळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट घेऊन गायरानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे चालायचे आणि दर पन्नास पावलांवर चौकट ठेवायची. वीस-पंचवीस चौकटी पुरेत. नेमकी चूक इथे होते: चौकट उघड्या मुरमावर आली की लोक दोन पावले सरकून गवतावर ठेवतात. तसे करायचे नाही. मुरूम आला तर शून्य लिहायचे.

चौकटीतले गवत विळ्याने पाच सेंटिमीटर उंची ठेवून कापा. मारवेल, पवन्या, शेडा ठेवा; तरवड, रानतुळस, गाजर गवत टाकून द्या. पिकून कुसळ धरलेली कुसळीही टाका, कारण ती कुसळे जनावराच्या हिरडीत आणि डोळ्यांत रुततात. घोड्याच्या तोंडातून लाळ गळत असेल आणि घास अर्धवट चावून पडत असेल तर पहिल्यांदा ओठ उचलून हिरड्या बघाव्यात. कापलेले गवत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा, आठवडाभर लागतो. सरासरी ग्रॅमला दहाने गुणले की हेक्टरी किलो.

समजा सरासरी १८० ग्रॅम आली. हेक्टरी १,८०० किलो, १३ हेक्टरचे २३,४०० किलो. यातले निम्मे रानातच राहिले पाहिजे; मुळांना, बीला आणि मातीवर पांघरूण म्हणून. उरले ११,७०० किलो. तुडवण, शेण-लीद, वाळवी यांत त्यातला चौथा हिस्सा जातो. जनावराच्या तोंडात पडणार साधारण ८,८०० किलो.

आता खाणारे. कोरड्या वैरणीत रोजचा हिशेब धरा: ३०० किलोची गाय साडेसात किलो, अडीचशे किलोचे तट्टू सहा किलो, दीडशे किलोचे गाढव तीन किलो, ३० किलोची मेंढी एक किलो. दोनशे मेंढरे साठ दिवस म्हणजे १२,००० किलो. गायरान तिथेच संपले, गावच्या गुरांना काडी उरली नाही. चार तट्टू त्याच साठ दिवसांत खातात १,४४० किलो. भांडण तट्टांवरून होते कारण ते लांबून दिसतात. तुमच्या गायरानाचा हिशेब जमवायचा तर मेंढरे शंभर (६,०००), तट्टू चार (१,४४०) आणि गावच्या तीन गाई (१,३५०). एकूण ८,७९०. बस्स, एवढेच. बाकीच्या गुरांसाठी कडबा आणि बांधावरची वैरण धरावी लागेल. मेंढरे शंभरांवर आणता येत नसतील तर सगळेच एका महिन्यात उरकून पुढे सरकावेत, एवढा दुसरा मार्ग आहे. आमचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमची चौकट काय सांगते ते वापरा, आणि पाऊस कमी झालेल्या साली पुन्हा मोजा.

अमेरिकेतही याच रीतीने मोजतात. तिकडे एकक आहे वासरासह एका गाईचा महिनाभराचा चारा, आणि एका घोड्याला एक ते सव्वा एकक धरतात. घोडा गाईपेक्षा अंगाने हलका असला तरी जास्त धरतात त्याला कारण आहे. गाय चार कप्प्यांत रवंथ करून थोड्या चाऱ्यातून जास्त काढते. घोड्याचे पचन मागच्या आतड्यात होते, चारा भरभर पुढे सरकतो, म्हणून तो दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास तोंड चालवतो. जाड काडी त्याला चालते, पण लागते भरपूर. शिवाय गाईला वरचे पुढचे दात नाहीत, ती जिभेने गवत ओढते. घोड्याला वर-खाली दोन्ही आहेत, तो जमिनीलगत कातरतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. म्हणून तट्टू एका ठिकाणी दावणीला लांब दोरीने बांधून ठेवू नयेत. रोज जागा बदलावी.

एक सोपी युक्ती: जूनमध्ये गायरानात तीन-चार ठिकाणी मीटरभर लांबी-रुंदीचे जाळीचे कुंपण रोवून ठेवा. ऑक्टोबरात आतले गवत आणि बाहेरचे गवत शेजारी शेजारी दिसले की चराईबंदीचा विषय ग्रामसभेत वेगळा समजवावा लागत नाही. गायरानाचे तीन भाग करून दर पावसाळ्यात एक भाग बी झडेपर्यंत पूर्ण बंद ठेवा.

पावसाळ्यात वीटभट्टीवरची गाढवे रात्री भाजीच्या प्लॉटमध्ये शिरतात. हाकलली की दुसऱ्या रात्री परत. कायद्याने काय करता येते?
(एक भाजीपाला उत्पादक, हातकणंगले तालुका)

भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. जून ते ऑक्टोबर गाढवाला काम नाही, म्हणून वैरणही नाही. मालक सोडून देतो. मूळ दुखणे हे आहे आणि दर वर्षी त्याच महिन्यांत येते, म्हणजे मे महिन्यातच भट्टीमालक, गाढववाले आणि ग्रामपंचायत यांनी बसून पाच महिन्यांच्या वैरणीचे ठरवता येते. एका गाढवाला रोज तीन किलो कडबा धरला तर दीडशे दिवसांचे साडेचारशे किलो. एका रात्री तुडवलेल्या टोमॅटोपेक्षा हे नक्कीच स्वस्त.

कायदा सांगायचा तर गुरांच्या अतिक्रमणाबाबतचा १८७१ चा कायदा घोडे, खेचरे, गाढवे यांनाही लागू आहे. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याला धरता येते, पण चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवावे लागते. स्वतःच्या गोठ्यात डांबून ‘भरपाई दे, मग सोडतो’ हे चालत नाही. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवणे, नोटीस, आणखी सात दिवस आणि मग लिलाव, असा क्रम आहे. पिकाचे फोटो आणि पंचनामा त्याच सकाळी करून घ्या. मारहाण, पाय बांधून टेम्पोत टाकणे, तिखट-ॲसिड असले प्रकार केले तर उलट तुमच्यावरच क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा होतो.

धरायचे कसे? काठ्या घेऊन मागे लागले की गाढवे फुटतात आणि आणखी चार प्लॉट तुडवतात. बांबूचा किंवा पत्र्याचा पाच फुटी वाडा करा, आत पाणी आणि थोडा कडबा ठेवा, दार तीन-चार रात्री उघडेच सोडा. सगळी आत यायला लागली की पाचव्या रात्री दार ओढा. टोळी एकत्रच धरा. गाढवांच्या जोड्या असतात, एक आत आणि एक बाहेर राहिले तर दोघेही खाणे सोडतात. गाढवी आणि शिंगरू कधीही वेगळे करायचे नाही. टेम्पोच्या फाळक्यावर आणि तळावर माती किंवा पाचट टाका, नाहीतर पत्र्यावर खूर घसरतात.

मालक कोण हे ठरेना, अशी अडचण नेहमी येते. ग्रामपंचायतीने हंगाम सुरू असतानाच फोटोंची नोंदवही करावी: अंगाचा रंग, पाठीवरून खांद्यावर उतरणारा काळा पट्टा किती रुंद, पायावर आडवे पट्टे आहेत का, कानाची चीर कोणत्या बाजूला. दोन गाढवे लांबून सारखी दिसली तरी या चार गोष्टी क्वचितच जुळतात. त्याच बैठकीत ओझ्याचाही विषय काढा. १९६५ च्या नियमांप्रमाणे गाढवाच्या पाठीवर कमाल ५० किलो, तट्टावर ७० किलो. तीन किलोची वीट धरली तर गाढवाला सोळा विटा. भट्टीवर जाऊन मोजा किती असतात.

ऊसतोड सुरू झाली की आमची घोडी मेंढरांबरोबर फडातच असते, वाड्यावर (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर). यंदा तिच्या गालाची हाडे सुजल्यासारखी दिसतात आणि कधी या पायाने, कधी त्या पायाने लंगडते. दात बघितले, ठीक आहेत.
(एक मेंढपाळ, पट्टणकोडोली)

लक्षणे कॅल्शियमच्या कमतरतेची वाटतात. उसाच्या वाड्यात ऑक्झॅलेट असते, ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते आणि आतड्याला ते शोषता येत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू बरेचसे ऑक्झॅलेट मोडतात, घोड्याला ती सोय नाही. महिनोन्‌महिने वाडेच खाल्ले की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. चेहऱ्याची हाडे मऊ होऊन फुगतात. दोन्ही गालांना सारख्याच फुगवट्या, चावताना त्रास, जागा बदलणारा लंगडेपणा ही त्याची ओळख. रक्ततपासणीत कॅल्शियम नेहमीसारखेच येऊ शकते, म्हणून नुसत्या त्या कागदावर विसंबू नका.

गव्हाचा किंवा भाताचा कोंडा ताबडतोब बंद करा. ताकदीसाठी म्हणून लोक तोच वाढवतात, पण त्यात फॉस्फरस जास्त असतो आणि दुखणे बळावते. घोड्याच्या चाऱ्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट हवे. वाडे एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणा, बाकी कडबा आणि रानगवत. लसूण घास मिळाला तर हिरवा चार-पाच किलो रोज. खाद्य प्रतीची चुनखडी भुकटी रोज ४०-५० ग्रॅम भिजवलेल्या भरड्यातून. नेमके प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पानाला लावायचा चुना देऊ नये, तोंड भाजते. लंगडे थांबायला काही आठवडे, हाडे भरायला महिने लागतात आणि चेहऱ्याची फुगवटी पूर्ण जातेच असे नाही. तोवर घोडीवर ओझे नको, हाडे मोडतात.

जाता जाता: दुभत्या जनावरांचे पोत्यातले पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य घोड्या-गाढवांना घालू नका. काहींत मोनेन्सिन असते. गाईला ते मानवते, घोड्याचे हृदय त्याने बंद पडते.

आपल्या देशात खरेखुरे रानटी घोडे कुठे आहेत?
(एक वाचक, गडहिंग्लज)

घोडे नाहीत, पण रानगाढव आहे: कच्छच्या छोट्या रणातले घुडखर. १९६९ च्या मोजणीत ३६२ उरले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण आणि सुमारे ४,९५३ चौरस किलोमीटरचे अभयारण्य मिळाल्यावर २०२० मध्ये ६,०८२ आणि २०२४ मध्ये ७,६७२ झाले. आता ते रणाबाहेरच्या शेतांत उतरतात. आपली पाळीव गाढवे मात्र आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलेली, घुडखरापासून नव्हेत. आसामात दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात सुटलेल्या पाळीव घोड्यांचे कळप आहेत. महाराष्ट्रात असे काही नाही. भीमथडी तट्टू धनगरांबरोबर वर्षभर रानात असले तरी मालकाचेच असते. आणि गाढवे तर झपाट्याने घटत आहेत: २०१९ च्या पशुगणनेत देशात १.२४ लाख, २०१२ पेक्षा ६१ टक्क्यांनी कमी.

बाहेरून आलेल्या घोड्यांमुळे गावात रोग येतो का? ग्लँडर्सबद्दल ऐकले आहे.
(एक वाचक, कागल)

येऊ शकतो. ग्लँडर्स हा घोडा, गाढव, खेचर यांचा जिवाणूजन्य रोग आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट पिवळसर, कधी रक्तमिश्रित स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, जबड्याखाली कडक गाठ, पायांच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या उठलेल्या नळीवर फुटणाऱ्या गाठी. घोड्यात तो महिनोन्‌महिने दबून राहतो; गाढवात तडकाफडकी जातो. लस नाही आणि जनावरावर उपचार करायला परवानगी नाही. संशय आला की जनावर वेगळे बांधा, त्याची बादली, मोहरकी, खरारा दुसऱ्याला वापरू नका, हातमोजे आणि तोंडाला फडके बांधून काम करा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. रोग पक्का झाला तर जनावर वेदनारहित मारून खोल पुरतात आणि मालकाला भरपाई मिळते: राष्ट्रीय कृती आराखड्यात घोड्यासाठी २५ हजार, गाढव-खेचरासाठी १६ हजार रुपये. भरपाई बुडेल या भीतीने लोक जनावर रातोरात विकतात आणि रोग पुढच्या गावी नेतात.

पावसाळा सरताना मोठ्या डांस माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग वेगळा: ताप चढतो-उतरतो, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाणे बरे असूनही जनावर वाळत जाते. त्याला औषध आहे, पण रक्त ताप चढलेला असतानाच तपासायला द्यावे. ताप उतरल्यावर काचेवर परजीवी सहसा सापडत नाही. सामाईक हौदावर बाहेरची तट्टू यायची असतील तर त्यांना दोन आठवडे वेगळे पाणी द्या. शंभर लिटरचे एक पिंप आणि रोज दोन खेपा, चार तट्टांना एवढे पुरते.